ठाणेदाराच्या भाकरी

शहर स्पार्टाच्या हाती पडलं तेव्हा तिमारेतेचा नवरा फानोक्लेस हेराक्लेसच्या देवळात लपून बसला होता. जहाजावरचा वल्हेकरी तो, लोकशाहीवाल्यांच्या बाजूचा. बरोबर तसेच चाळीसेक जण. स्पार्टानं नेमलेला नवा ठाणेदार लेओबोटास वेदीवर हात ठेवून म्हणाला, बाहेर या, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. तरी कुणी हलेना. मग तिमारेतेनं दारातून हाक मारली, "अहो, या आता. देवाची शपथ घेतलीय त्यांनी."

तो आला. त्याच्यामागून बाकीचे आले. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना गडामागे नेऊन कापलं. प्रेतंही दिली नाहीत.

तिमारेते रडली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या भट्टीवर ठाणेदाराचा शिपाई आला, गडावर रोज दोन पाट्या जवाच्या भाकरी हव्यात म्हणाला. ती पाटी घेऊन निघाली तशी नणंद फिलिन्ना आडवी आली.

"वहिनी, त्याच्या घशात घास घालणार तू?"

"पीठ मळून झालंय," तिमारेते म्हणाली आणि बाजूनं निघून गेली.

सात वर्षं ती गड चढली. आळीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. ते तिच्या ध्यानात यायलाही बरेच दिवस लागले.

मग स्पार्टाचं आरमार बुडालं. शहरानं ठाणेदाराला शस्त्रं ठेवून जायला सांगितलं. बंदरावर जाता जाता तो भट्टीपाशी थांबला, वाटेसाठी भाकरी मागितल्या.

"घरी कोण आहे गं तुला?"

"नवरा होता. तुम्ही देवळातून बोलावलंत, तो आला."

लेओबोटासनं जरा आठवून पाहिलं. "कोणत्या खेपेला?"

तिनं सांगितलं. त्यानं मान डोलावली, भाकरी घेतल्या आणि गेला. आता तरी आत काही हलेल म्हणून ती उभी राहिली. काहीच हललं नाही. भाकरी करपायला लागल्या, तशी तिनं त्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी आळीतले लोक पहारी घेऊन भट्टी फोडायला आले. तिमारेते बाजूला सरकून उभी राहिली. फिलिन्नाच पुढे झाली.

"फोडायचं तर आधी माझं डोकं फोडा. हिच्या आधी मीच दादाला निरोप धाडला होता, बाहेर ये म्हणून."

लोक खाली बघत राहिले, मग एकेक करून पांगले. तिमारेतेनं नणंदेकडे बराच वेळ पाहिलं. चाळण तेवढी तिच्यापुढे सरकवली. फिलिन्ना बसली आणि पीठ चाळू लागली.