मधल्या बाईंचे चार शब्द

मधल्या बाई रोज सकाळी खोलीत आल्या की पिशवी खुंटीला अडकवायच्या आणि खिडक्या उघडण्याआधी टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून चार शब्द पुटपुटायच्या. ते शब्द आमच्यापैकी कुणाच्याच भाषेतले नव्हते. बाईंच्याही नव्हे.

आमच्या शाळेत मुलं अर्धा दिवस एका भाषेत शिकतात, अर्धा दिवस दुसरीत. दोन वर्ग, आणि मध्ये बाईंची खोली. जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं तिथूनच पलीकडच्या वर्गात जातात, म्हणून त्या मधल्या बाई. भांबावलेली मुलं, घाबरलेले आईबाप, वैतागलेल्या आम्ही शिक्षिका, सगळ्यांची गाडी शेवटी त्यांच्याकडेच यायची. "मी दाराची बिजागरी," त्या म्हणायच्या, "कुरकुरले तर तेल घाला."

त्या शब्दांची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या खुर्चीवर एक आई बसली होती. घरात मायलेकी दोघीच, आणि त्यांची भाषा तिसरीच. मुलगी दोन्ही वर्गांत मागे. बाईंनी सल्ला दिला, तिसरीचं ओझं उतरवा, घरीही शाळेतलीच बोला. आईने ते मनावर घेतलं. तिला शाळेतली भाषा बाजारहाटापुरतीच येत होती. मुलगी वर्गात पहिली आली आणि घरात आईची बोलती बंद झाली. जेव, झोप, उशीर झाला, एवढंच उरलं. चार वर्षांनी आई आजारात गेली. काही दिवसांनी मुलगी बाईंसमोर येऊन उभी राहिली. शेवटच्या दिवशी आई जुन्या भाषेत काहीतरी म्हणाली होती. मुलीने ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि विचारलं, "म्हणजे काय हो बाई?"

बाईंना सांगता आलं नाही. नंतर शोधता आलं नसतं असं नाही. एकदा शाळा रंगवायला आलेला रंगारी त्याच मुलखातला निघाला. बाई त्याला चहा देऊन परत आल्या, विचारलं नाही. तो शाप असेल, अशी त्यांना भीती होती. आणि असलाच तर आपल्यालाच.

गेल्या हिवाळ्यात, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, त्याच भाषेची एक आई आली. तिची मुलगी माझ्या वर्गात, म्हणून मीही वह्या घेऊन तिथे होते. सुट्टीभर घरी शाळेतलीच भाषा बोला, असं मीच तिला सांगून बसले होते. "बोलेन की," ती बाईंना म्हणाली, "पण नवऱ्याशी भांडायचं कोणत्या भाषेत?"

बाई हसल्या नाहीत. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तुमची सोडू नका. मी एकीला सोडायला लावली होती."

मग खुर्चीची पाठ धरून त्यांनी ते चार शब्द मोठ्याने उच्चारले. तिने ते पुन्हा म्हणायला लावले. मग सहज अर्थ सांगितला, "खिडकी लाव, थंडी वाजेल तुला."

बाईंनी खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. ती आई निघून गेल्यावर त्यांनी जुन्या वहीतून त्या पहिल्या मुलीचा नंबर काढला. ती मुलगी आता स्वतः दोन लेकरांची आई आहे. मी वह्या उचलून निघाले. पुढे त्या सुट्टीतच बाई वारल्या. त्या दिवशी दारातून बाहेर पडताना माझ्या कानावर आलं ते एवढंच:

"अगं, मी शाळेतली मधली बाई. घरीच आहेस ना? खिडकी लावलीस का?"