बसतंय ओ, घाई काय आसा?

"बसतंय ओ, घाई काय आसा?" असं म्हणायचा आणि उभाच राहायचा. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात चहाचा कप. कुवेतमध्ये सालमियातल्या आमच्या घरी तो पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा बायकोनं चारदा "बसा" म्हटलं आणि चारही वेळा तिला हेच उत्तर मिळालं. शेवटी तिनं मला आत बोलावून विचारलं, "त्यांना आपला सोफा घाण वाटतोय का हो?"

मी सांगलीचा. आमच्याकडे "बसतंय" म्हणजे लहान मूल. बाळ आता बसतंय, महिन्याभरात रांगेल, असं. मी त्याला चिडवायचो, "कोण बसतंय रे? कुणाचं बाळ?" तो मालवणकडचा. तिकडे गडी माणूसही स्वतःबद्दल असंच बोलतो. तो नुसता हसायचा, आणि अर्थात उभा राहून.

राई नावाच्या भागातल्या ज्या टाइल्सच्या शोरूममध्ये आम्ही दोघं कामाला, तिथला नियमच तसा आहे. सेल्सचा माणूस फ्लोअरवर बसलेला दिसता कामा नये. छताला कॅमेरे, आणि कॅमेऱ्यांसमोर आमचा मुदीर. मुदीर म्हणजे मॅनेजर; आमचा लेबनॉनचा आहे. मी हिशेबातला, त्यामुळे वरच्या काचेच्या केबिनमध्ये चाकांच्या खुर्चीत दिवसभर बसून माझी कंबर धरते. हा खाली दिवसभर उभा. पण इतर सेल्समन संध्याकाळी घरी जाऊन तंगड्या पसरतात, याच्या अंगात मात्र उभं राहणं मुरलंय. बसमध्ये सीट रिकामी असली तरी उभा. गणपतीच्या आरतीनंतर सगळे सतरंजीवर पंगत मांडून बसतात, तेव्हा हा वाढायला उभा.

गिऱ्हाईक आलं की मात्र बघत राहावं. टाइल हातात घेणार, उलट्या तळव्यानं तिच्यावरून हलकेच हात फिरवणार, आईनं तापलेल्या पोराच्या गालावरून फिरवावा तसा, आणि डोळे मिटून म्हणणार, "मामा, डायरेक्ट इटली!" मामा म्हणजे तिथल्या वयस्कर बायका. त्या फिदा असायच्या याच्यावर.

आणि एक दिवस याची धाकटी बहीणच डायरेक्ट इटलीला गेली. शिष्यवृत्ती मिळवून, मिलानला, फर्निचर डिझाइन शिकायला. त्यानं सगळ्या राईभर सांगितलं, "आमची बाय इटलीत खुर्ची शिकता." बाय म्हणजे बहीण. मी म्हटलं, "अरे, खुर्ची शिकायला दोन वर्षं? मी तर पहिल्याच दिवशी शिकलो!" त्यावर म्हणाला, "भाऊ, तुमची खुर्ची तयार होती. ती नवी करता."

बहीण त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती आणि हा कॉलेज सोडून टाइल्सच्या गोदामात लागला. हे त्यानं मला एकदाच, टाइलची किंमत सांगावी तसं सांगितलं होतं. पुढं कधी बोलला नाही.

गेल्या हिवाळ्याआधी एकदा तो माझ्या केबिनमध्ये टेप घेऊन आला. "भाऊ, जरा माप घ्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत. बायनं मागितलंय."

"कशाला?"

"पँट शिवत असात."

इटलीत शिकणारी पोरगी भावाला पँट शिवणार! मी गुडघ्यावर बसून त्याच्या नडगीला टेप लावली आणि नेमका तेव्हाच मुदीर दारात आला. अकाउंट्सचा सीनियर माणूस सेल्समनच्या पायाशी! त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, "या अल्लाह" म्हटलं आणि दार लावून निघून गेला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. नोव्हेंबरात तिच्या कामाचं प्रदर्शन आहे, त्या वीकेंडला दादानं यायचंच. याला परदेश म्हणजे कुवेत आणि विमान म्हणजे गोवा. "भाऊ, तुम्ही चला, मी एकटो खंय हरवान." बायको माझ्या आधीच म्हणाली, "जा तुम्ही. नाहीतरी सुट्टीच्या दिवशीसुद्धा खुर्चीतच असता." तिनं बेसनाचे लाडू दिले. त्यानं कोकम, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि एवढं सुकट घेतलं की विमानतळावर आमच्या रांगेत आपोआप अंतर पडलं.

आता इथं जे झालं ते कुवेतच्या माणसालाच होऊ शकतं. आमचा वीकेंड शुक्रवार-शनिवार. रविवारी सकाळी सगळा देश कामावर. इतकी वर्षं तिथं काढली की वीकेंड म्हणजे दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही. आमच्या शोरूमला तर सुट्टी फक्त शुक्रवारची. शनिवार त्यानं मुदीरकडून आम्हा दोघांसाठी मागून घेतला. मुदीरनं बजावलं होतं, रविवारी सकाळी फ्लोअरवर हवास. कारण रविवारी एक म्हाताऱ्या कुवेती बाई येणार होत्या. सगळ्या नव्या घराची फरशी त्या याच्याकडूनच निवडत होत्या, दुसऱ्या कुणाशी बोलायलाही तयार नव्हत्या. "नाही आलास तर सुलैबियाच्या गोदामात पाठवीन," असं मुदीर म्हणाला होता, आणि मुदीर अशी चेष्टा करत नाही. तेव्हा आम्ही गुरुवारी रात्री निघालो, परतीचं तिकीट शनिवारी रात्रीचं.

मिलानमध्ये पाऊस. उतरलो तेव्हा पाऊस, निघालो तेव्हाही पाऊस. मी छत्रीखाली कुरकुरत होतो आणि हा उघड्या डोक्यानं, तोंड वर करून, खुशीत. "कसा वाटला?" मी विचारलं. "बरो आसा. पण लाजता," म्हणाला. "आमच्याकडचो पाऊस विचारून पडत नाय."

बहीण स्टेशनवर घ्यायला आली. एवढीशी पोरगी, बोटांना तीन पट्ट्या, केसांत लाकडाचा भुसा. दादाला बघून पळत आली आणि त्याच्या ओल्या जाकिटात तोंड खुपसून उभी राहिली. तो म्हणाला, "काय गो बाय, जेवलंस?" सकाळचे नऊ वाजले होते!

तिनं आम्हाला कॉफीच्या दुकानात नेलं. तिथं सगळे लोक काउंटरला टेकून उभ्यानंच कॉफी पीत होते. कोट घातलेली, टाय लावलेली माणसं, उभी. बहिणीनं सांगितलं की इथं उभ्यानं प्याल तर कॉफी स्वस्त, टेबलावर बसाल तर महाग. त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! "भाऊ, बघितलात? ह्यो माझो देश!" मग त्यानं सगळ्या काउंटरकडे बघून कप उंचावला, आणि दोन म्हाताऱ्यांनी हसून आपले कपही उंचावले.

त्या शहरात लोक वर बघत फिरतात. शिल्पं, कमानी, घुमट. हा खाली बघत फिरला. एका जुन्या देखण्या बाजारात सगळे पर्यटक माना वर करून फोटो काढत होते आणि आमचा गडी मध्येच उकिडवा बसून फरशीवरून उलटा तळवा फिरवत होता. लोक वळसा घालून जात होते. "डायरेक्ट इटली," तो हळूच स्वतःशी म्हणाला. इतकी वर्षं ज्या गावची थोरवी सांगितली, त्या गावात पोचलेल्या माणसाचा चेहरा होता तो. दुपारी मात्र एका हॉटेलच्या संडासातून तो ओरडतच बाहेर आला, "भाऊ! आतली टाइल आपल्या मोरबीची! डायरेक्ट गुजरात!" आम्ही तिघंही एवढे हसलो की वेटर विचारायला आला, काही हवंय का.

शुक्रवारी संध्याकाळी तिच्या खोलीत कुळथाची पिठी आणि भात. मी खुर्चीत, ती पलंगावर, तो खिडकीला टेकून उभा, ताट हातात. बाहेर पाऊस. आणि जेवता जेवता ती म्हणाली, "दादा, परवा अकरा वाजता हां. रविवारी. उशीर करू नको."

माझा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. "होय तर," तो म्हणाला आणि ताटात बघत जेवू लागला.

हॉस्टेलवर परतताना मी म्हटलं, "अरे, सांग तिला!" तर म्हणे, "उद्या सांगतंय." उद्या उद्या करता शनिवारची दुपार आली. आम्ही तिच्या खोलीत होतो आणि त्याचा फोन टेबलावर होता. विमान कंपनीचा निरोप आला, चेक-इन करा, आज रात्रीचं. तिनं वाचला.

"दादा, आज जातंस? वीकेंड म्हणजे शनिवार-रविवार मां!"

"आमचो शुक्रवार-शनिवार गो बाय."

"मग माका सांगलंस कित्याक नाय?"

पोरगी रडायला लागली, आणि रडता रडता भांडायलाही. भांडताना तिनं सगळं सांगून टाकलं. प्रदर्शनात तिनं मांडलेली खुर्ची त्याच्यासाठी होती. नडगीचं माप, मांडीचं माप, सगळं त्यासाठी. रोज उभ्यानं काम करणाऱ्या, बसायची सवयच मोडलेल्या माणसासाठी तिनं उंच, थोडी कललेली खुर्ची बनवली होती. परीक्षक तिथं येणार आणि ज्याच्या मापाची खुर्ची तो माणूस तिच्यावर बसणार, तेव्हा काम पुरं. तो म्हणाला, चल, आत्ता जाऊन बसतंय. पण वर्कशॉपला कुलूप, मांडणी झालेली, उद्यापर्यंत कुणाला आत सोडत नव्हते. "तुझ्याजागी वर्गातलो कोण तरी बसात," ती डोळे पुसत म्हणाली. "मग ती कोणाचीय खुर्ची होतली."

मग त्यानं फोन उचलला आणि मुदीरला लावला. स्पीकरवर. मुदीरची हिंदी गोदामातल्या पोरांकडून शिकलेली, याचीही तशीच.

"मुदीर, कल मैं नहीं आएगा."

"लेश? काय को? क्या हुआ? बीमार है?"

"ला, मुदीर, बीमार नहीं. कल मेरे को बैठने का है."

"किधर बैठने का है?"

"कुर्सी में. मेरा बहन ने बनाया, मेरे वास्ते. इतना साल खड़ा रहा ना, मुदीर? एक दिन बैठने दो. बाद में सुलैबिया भेजो, जाएगा."

बहिणीनं त्याचा शर्ट मागून घट्ट धरला होता. मुदीर पलीकडे काहीतरी अरबीत पुटपुटला. मग म्हणाला, "और फ्लोअर पे कौन खड़ा होगा?"

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावर आरामात, पाठीशी उशी घेऊन. मी मान हलवायच्या आत हा म्हणाला, "अकाउंट्स खड़ा होगा!"

मुदीरचं हसणं आम्हाला स्पीकरवर ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "खलास," म्हणाला, म्हणजे ठरलं. "तुम बैठो. अकाउंट्स खड़ा."

त्यानं तिकीट बदललं, मी एकटाच परतलो आणि रविवारी सकाळी विमानतळावरून थेट राईला गेलो. जाऊन त्याच्या जागी उभा राहिलो. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात पोटऱ्या बोलू लागल्या. तिसऱ्यात मी नमुन्याला ठेवलेल्या कमोडवर क्षणभर टेकलो, तर खिशातला फोन वाजला. "अकाउंट्स, उठो!" वरून मुदीर.

तेव्हा वर पाहिलं, आणि मग कळलं. त्याच्या जागेवरून समोर नेमकी माझी काचेची केबिन दिसते आणि केबिनमध्ये माझी खुर्ची. चाकांची, काळी, पाठीला उशी लावलेली. एवढी वर्षं हा माणूस दिवसभर त्या खुर्चीसमोर उभा राहिला, आणि मला भेटला की पहिलं काय विचारायचा? "भाऊ, कंबर कशी आसा?"

कुवेती बाई आल्या. आल्या आल्या विचारलं, तो कुठंय? मी म्हटलं, "इटालिया." त्यांनी भुवया उंचावल्या. "दायरेक्ट?" "दायरेक्ट, मामा." त्या हसायला लागल्या, आणि नेमका तेव्हाच फोन पुन्हा वाजला. इटलीत अकरा वाजून गेले होते. बहिणीनं व्हिडिओ पाठवला होता. आम्ही दोघांनी डोकी जवळ आणून बघितला.

उंच खिडक्यांची मोठी खोली. काचांवरून पाऊस ओघळतोय. पाच-सहा गंभीर माणसं, आणि मध्ये ती खुर्ची. साधी, लाकडाची, पाय टेकायला खाली एक दांडी. आणि हा तिच्या शेजारी उभा, इस्त्रीचा शर्ट, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तसाच, आमच्या घरी असतो तसा.

"बस रे दादा," कॅमेऱ्यामागून तिचा आवाज.

"बसतंय ओ, घाई..." एवढंच तोंडातून आलं. पुढचं आलं नाही. तो वळला, मागं हात लावून नीट अंदाज घेतला आणि बसला. आधी अर्धा, मग पुरा. पाठ टेकली. खुर्चीच्या हाताला त्यानं उलट्या तळव्यानं चाचपलं आणि डोळे मिटले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

कुवेती बाई "माशाल्ला" म्हणाल्या आणि पर्स उचलली. तो आला की मंगळवारी येते, फरशीची काही घाई नाही. मी त्यांना धड निरोपसुद्धा देऊ शकलो नाही, कारण मला रडू येत होतं. भर शोरूममध्ये, मुदीरच्या कॅमेऱ्याखाली. येऊ दे, म्हटलं. पाय दुखत होते आणि इतकं बरं वाटत होतं की काय सांगू!

व्हिडिओ अजून संपला नव्हता. त्यानं डोळे उघडले, थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, बसलंय."

आणि दांडीवरचे दोन्ही पाय उचलून लहान पोरासारखे हलवू लागला.