चालेल मिस्त्री

आमच्याकडे गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्यांना ‘चालेल मिस्त्री’ म्हणतात. गाडी दाखवायला नेली की ते बॉनेट उघडतात, लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानामागच्या हाडाला टेकवतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. मग एकच शब्द बोलतात, “चालेल.” त्यावरून हे नाव पडलं. त्यांना ते माहीत आहे. फोन उचलला की तेही म्हणतात, “हां, चालेल बोलतोय.”

वय एकसष्ट. डावा गुडघा नीट वाकत नाही. गाडीखाली जायचं असलं की जमिनीवर पुठ्ठा टाकून आडवे सरकतात. बाहेर आल्यावर बंपर धरून बसून राहतात आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणतात, “एक मिनिट.” ते मिनिट अलीकडे लांबत चाललंय. त्यांची स्वतःची गाडी नाही. कधी नव्हतीच.

त्यांच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुढच्या भागात त्यांची बायको गाड्यांची सीटकव्हरं शिवते. त्यांना मी वहिनी म्हणते. “यांना बोलायला पेट्रोल लागतं,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “आणि ते घरी येईपर्यंत संपलेलं असतं.” मिस्त्री ऐकतात आणि गप्प बसतात, म्हणजे वहिनींचं म्हणणं आपोआपच खरं ठरतं.

माझ्या मुलीनं गाडी घेतली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गाडी, मुलगी नव्हे. छोटीशी, पांढरी, आधी दोन मालक झालेली. मुलगी डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या विभागात लागली होती. ड्युटी सातची आणि पहिली बस तिथे पोचते आठला. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. गाडी हौसेनं आली नाही, नाइलाजानं आली.

आणि आल्या दिवसापासून तिनं आमच्याकडून सेवा करून घेतली. आधी क्लच प्लेट गेली. मग बॅटरी. मग सिग्नलला उभी राहिली की तापायला लागली. ऐन उन्हाळ्यात माझी मुलगी गाडीतला हीटर लावून कामावर जायची, कारण इंजिनाची उष्णता अशी आत ओढून घेतली की काटा खाली येतो, हे मिस्त्रींनी शिकवलेलं. घामानं निथळत पोचायची आणि तिथे जाऊन कपडे बदलायची. ड्रायव्हरच्या बाजूची काच आपोआप खाली घसरायची, तिला पुठ्ठ्याची पाचर मारली. पगार झाला की ती आधी गाडीला काय हवंय ते बघायची आणि मग घराला. गाडी स्वस्तात मिळाली होती. राहिलेली किंमत ती थोडी थोडी करून वसूल करत होती.

दर वेळी मी मुलीबरोबर मिस्त्रींकडे जायचे. ती नको म्हणायची. “आई, तुला क्लच कुठे असतो ते तरी माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. मी एकच प्रश्न विचारायला जायचे.

“मिस्त्री, चालेल ना?”

“चालेल.”

तेवढ्यावर मला त्या रात्री झोप लागायची.

एका शनिवारी मुलगी म्हणाली की ब्रेक दाबला की पाय जरा जास्तच खाली जातोय. मिस्त्रींनी बॉनेटखालची ब्रेक ऑइलची बाटली बघितली. मागचं चाक काढलं आणि आत फडकं फिरवलं. फडकं ओलं झालं. मग त्यांच्या मानानं ते बरंच बोलले.

“मागच्या ब्रेकचा सिलिंडर पाझरतोय. पार्ट मागवावा लागेल. तीन दिवस गाडी इथेच ठेवा.”

“काका, तीन दिवस कसं जमेल?” मुलगी म्हणाली. “दोनदा उशीर झालाय माझा. तिसऱ्यांदा झाला की लेखी द्यावं लागतं.”

मिस्त्री हात पुसत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, “पार्ट येईपर्यंत चालेल ना?”

त्यांनी वेळ घेतला. बाटलीत ऑइल भरलं, झाकण फिरवून घट्ट केलं, परत एकदा फिरवलं.

“चालेल,” ते म्हणाले. “रोज सकाळी ऑइल बघत जा.”

रविवारी मुलीनं बघितलं. सोमवारी बघितलं. मंगळवारी उठायला उशीर झाला. त्या संध्याकाळी परत येताना डोंगराच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. पुढे सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक होता. तिनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, मग पहिल्या, हँडब्रेक ओढला आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात गाडी घातली. तिला काही झालं नाही. पुढचा बंपर फुटला. घरी आली तेव्हा तिच्या केसांत खडीची धूळ होती, आणि ती म्हणाली, “आई, आधी जेवायला वाढ.”

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मिस्त्रींकडे गेले.

“तुम्ही चालेल म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो.”

“पोरगी गेली असती माझी.”

ते पुठ्ठ्यावर बसले होते. उठले नाहीत. “ताई, तुम्ही चालेल का विचारलंत. गाडी चालतच होती. थांबेल का, ते कुणी विचारलं नाही.”

वहिनींचं शिलाई मशीन थांबलं. “लाज वाटते का हो असं बोलायला?”

“वाटते,” मिस्त्री म्हणाले.

रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला आणि मिस्त्रींनी सवयीनं मान तिकडे वळवून तो ऐकला.

“आधी मी सगळं सांगायचो,” ते म्हणाले. “काय काय गेलंय ते कागदावर लिहून द्यायचो. माणसं कागद घेऊन पलीकडच्या गॅरेजात जायची. तिथला म्हणायचा, चालेल. मग त्याच्याकडेच जायची. दोन वर्षं असं बघितलं आणि मग मीपण तेच म्हणायला लागलो. पण शनिवारी मला नाही म्हणायचं होतं. तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि नाही म्हणवलं नाही.”

मी भांडायला गेले होते, पण भांडण पुढे गेलं नाही. मी ‘चालेल का’ असं विचारलंच नव्हतं. दर वेळी ‘चालेल ना’ असंच विचारलं होतं. त्या ‘ना’नंतर समोरच्याला एकच उत्तर देता येतं, आणि मला तेवढंच हवं असायचं.

मिस्त्रींनी पार्टची वाट बघितली नाही. बसनं दोन तास जाऊन स्वतः घेऊन आले. दोन्ही मागचे सिलिंडर, ब्रेकशू आणि एक रबरी पाइप बदलला. गाडी टो करून आणण्याचे पैसे घेतले नाहीत, पार्टचे घेतले. न घेऊन त्यांना परवडलं नसतं. मुलीचे दोन दिवस बुडाले. तिला लेखी द्यावं लागलं आणि नोकरी कायम व्हायची तारीख तीन महिने पुढे गेली.

गाडी तयार झाल्यावर त्यांनी फोन केला तो मुलीला नाही, मला. पाण्याच्या टाकीजवळ एक उतार आहे. मला शेजारी बसवून ते गाडी वर घेऊन गेले आणि खाली सोडली. अर्ध्यावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. परत वर, परत खाली. चौथ्यांदा वर गेल्यावर त्यांचा डावा गुडघा थरथरायला लागला होता. त्यांनी हँडब्रेक ओढला. म्हणाले, “एक मिनिट.”

मग म्हणाले, “विचारा आता.”

“थांबेल का?”

त्यांनी पाचव्यांदा गाडी खाली सोडली, ब्रेक दाबला, आणि ती उभी राहिल्यावर म्हणाले, “थांबली.”

शेडपाशी परत येऊन उतरताना त्यांनी खिशातून घडी केलेला कागद दिला. वळणदार, जुन्या पद्धतीचं अक्षर. पुढचे टायर झिजलेत. सायलेन्सर सडलाय. कूलंटचा पाइप वर्षभरात जाईल. एकूण सात गोष्टी. वहिनी लांबून म्हणाल्या, “जा आता तुम्ही पण पलीकडच्याकडे.” मिस्त्री हसले नाहीत, पण मला वाटतं त्यांना बरं वाटलं.

तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. सातांपैकी टायर तेवढे झालेत. बाकीचं एका पगारात बसत नाही, दोन पगारांतही बसत नाही. गाडी विकून टाकावी म्हटलं तर बसची वेळ काही बदललेली नाही.

रोज पहाटे बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली आता मी बघते. रेघ कुठे असते ते मला कळतं. मुलगी गाडीत बसून वाट बघते आणि काच पाचरीसकट थोडी खाली करून म्हणते, “थांबेल, आई.” आधी ती ‘येते’ म्हणायची.

मग गाडी निघते. कोपऱ्यावर वळायच्या आधी ती ब्रेक दाबते आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागतात. तिथे चढ आहे, ब्रेक दाबायची काहीच गरज नसते.