कोरड्या हवेतला आकडा

मीटरवरचा आकडा सकाळपासून खालीच होता. परवीनने सेल, म्हणजे नमुना भरायची छोटी नळी, धुतला, सुकवला, पुन्हा भरला. आकडा तोच. आदल्या आठवड्यात याच लिक्विडने याच्या तिप्पट आकडा दिला होता.

"मॅडम, माल नासला वाटतं."

"मीठ कसं नासेल?"

बोलले खरी, पण बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचून पाहिलं. परवीन सोलापुरात राहणार की जाणार, हे त्या आकड्यावर ठरायचं होतं.

मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. परवीन माझ्या प्रोजेक्टवर संशोधन सहायक होती, वैरागहून रोज एसटीने यायची. आमच्या विभागात माणसं पुष्कळ आणि चांगली, पण माझ्या विषयावर बोलायला कोणी नव्हतं. परवीन आली आणि मला वाक्य अर्ध्यात सोडता यायला लागलं. उरलेलं ती पूर्ण करायची, कधी कधी माझ्यापेक्षा बरं. ज्यांना असं माणूस रोज मिळतं त्यांना याची किंमत कळायची नाही. प्रोजेक्टची मुदत संपत आली होती. पुण्याची एक कंपनी तो पुढे चालवायला तयार होती. अट एकच, त्यांच्या माणसांसमोर तोच आकडा पुन्हा यायला हवा. नाही आला, तर परवीनला हैदराबादच्या नोकरीला हो म्हणावं लागणार होतं.

आकडा कसला, ते आधी सांगते. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजनवर चालणारी बॅटरीच समजा. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सुटतो, बाहेरच्या तारेने जातो आणि दिवा लावतो. मागे राहिलेला प्रोटॉन मधल्या थरातून पलीकडे पोचतो आणि ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. हा मधला थर म्हणजे इलेक्ट्रोलाइट, आणि त्यातून प्रोटॉनला किती सहज वाट मिळते तो आमचा आकडा. नेहमीचा थर ओला असेल तरच प्रोटॉनला वाट देतो. फ्युएल सेल शंभर अंशांच्या पुढे तापला की पाणी उडून जातं आणि वाट बंद होते. म्हणून आयनिक लिक्विड. हे मीठच, पण साध्या तापमानाला पातळ राहणारं. जेवणातलं मीठ वितळवायला भट्टी लागते. आमचं बाटलीत काकवीसारखं हलतं, आणि तापवलं तरी सहसा उडत नाही.

त्यातून प्रोटॉन दोन तऱ्हांनी जातो. स्लॅब टाकताना पाहिलं असेल. एखादा गडी घमेलं डोक्यावर घेऊन स्वतः चालत जातो, ही एक तऱ्हा. काकवीतून चालायचं तर वेळ लागणारच. दुसऱ्या तऱ्हेत माणसं रांगेत उभी राहतात आणि घमेलं हातोहात पुढे जातं. आमचा आकडा इतका चांगला होता की आमच्याकडे प्रोटॉन हातोहात चाललाय, असं आम्ही धरून चाललो. विभागाच्या एचओडी सरांनी तर तो लगेच पुण्याला कळवूनही टाकला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

या लिक्विडची एक खोड आहे. ते हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यातल्या गुळासारखं. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी ग्लोव्ह बॉक्स असतो. कोरडा वायू भरलेली बंद पेटी, तिच्यात हातमोज्यांतून हात घालून काम करायचं. आमच्याकडे तो नाही. पण मे महिन्यात इथे ओठ फुटतात, कपडा दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. "अख्खं सोलापूरच ग्लोव्ह बॉक्स हाय की," परवीन म्हणायची. तेव्हा आमची पद्धत अशी: लिक्विड व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवायचं, त्यात पाणी उरलं नाही ना ते तपासायचं, मग टेबलावर उघड्यातच मोजत बसायचं.

दुपारी जीव नकोसा झाला. मी वैतागून विचारलं, "कूलर का बंद आहे?"

"टाकीत पाणी न्हाय मॅडम. नळ आला न्हाय अजून."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. पण परवीन बोलता बोलता थांबली आणि कूलरकडे बघत राहिली. कूलर टेबलाच्या अगदी समोर होता, कारण आम्ही दोघी तिथेच बसायचो. ओल्या गवतातून येणारी त्याची हवा आमच्या अंगावर यायची, तशीच उघड्या सेलवरही.

"मागल्या आठवड्यात चालू होता की हा," ती हळू म्हणाली.

कॅन्टीनमधून बादल्या आणून आम्ही कूलर भरला आणि पुन्हा मोजत बसलो. संध्याकाळपर्यंत आकडा चढत जाऊन पहिल्या जागेवर आला. मग त्याच लिक्विडमधलं पाणी मोजलं. भरपूर निघालं. घमेली हातोहात जात होती खरी, पण रांगेतले गडी पाण्याचे होते.

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला वाटलं, हे इथेच राहू दे.

"परवीन, सोमवारी ती माणसं येतील तेव्हाही उकाडा असणारच," मी म्हटलं. "पाहुण्यांसाठी कूलर लावावाच लागेल."

तिला कळलं. तिने सेल पुसून टेबलावर ठेवला.

"त्यांचा फ्युएल सेल एकशेवीस अंशावर चालणार मॅडम. तितं कूलर कोण लावणार?" मग म्हणाली, "मला तरी कुटं जायचंय? अम्मी एकटी हाय घरी. पण ह्यो आकडा आपला न्हाय."

दुसऱ्या दिवशी एचओडी सरांना सांगितलं.

"पण आकडा आला होता ना, मॅडम?"

"आला होता सर. पाण्याचा आला होता."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. पुण्याच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ड्राय व्हॅल्यू किती?"

मी कोरड्या लिक्विडचा आकडा सांगितला.

"मग अवघड आहे, मॅडम. कळवलंत, बरं केलंत."

सोमवारी कोणी आलं नाही. प्रोजेक्ट मुदतीवर बंद झाला आणि परवीन हैदराबादला गेली. निघायच्या दिवशी तिने बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या, चहा पाजला, "येते मॅडम" म्हणाली. स्टँडवर सोडायला मला जायचं होतं, पण प्रॅक्टिकल होतं. कोरडा आकडा आम्ही दोघींच्या नावाने एका लहानशा शोधनिबंधात छापला. आकडा बेताचाच आहे, पण खरा आहे.

आता ती बॅटऱ्यांवर काम करते. तिचा फोन येतो, नव्या कामाबद्दल भरभरून बोलते. मी ऐकते, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मला कशात हात घालावासा वाटत नाही. अजूनही मोजताना मी एखादं वाक्य अर्ध्यात सोडते आणि थांबून राहते.

धडा विचाराल तर एवढाच: जो आकडा आपल्याला फार हवा असतो, तो दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यावा. विद्यार्थ्यांना मी हेच सांगते. माझे आकडे मात्र आता मीच मोजते, दुसरं माणूस नाही म्हणून.