सतराव्या नंबरची भागधारक

माझे यजमान गेले त्या वर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल त्यांच्याच नावाने आला. शेअर माझ्या नावावर व्हायला बरेच महिने लागले. पुढच्या वर्षी पाकिटावर पहिल्यांदा माझं नाव छापून आलं, तेव्हा पनवेलजवळ करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये मी ते हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. विजेचं बिल सोडलं तर माझ्या नावाने दुसरं काही येत नसे.

तेल आणि गॅस साठवून पुरवणारी ही कंपनी. तिचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा ह्यांनी थोडे घेतले आणि पुढे कधी विकले नाहीत. हे साधे सरकारी कारकून होते, पण "आपण मालक आहोत" असं गंभीरपणे म्हणायचे. दरवर्षी आम्ही दोघं सर्वसाधारण सभेला मुंबईत जायचो. हे अहवाल पेन्सिलीने खुणा करत वाचायचे, प्रश्न लिहून न्यायचे, आणि सभेत एकदाही उठून बोलायचे नाहीत. परत येताना मी विचारायचे, का नाही बोललात. हे म्हणायचे, पुढच्या वर्षी.

आता सभा संगणकावर होते, घरबसल्या. मुलगा बेंगळुरूला असतो. तो म्हणाला, आई, विकून टाक ते शेअर, तुला काय करायचंय. मी हो म्हटलं आणि विकले नाहीत. मी पनवेलच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर कोणी माझ्यापुढे छापील मजकूर ठेवून तुमचं मत द्या असं विचारलं नव्हतं. ह्या पाकिटात निदान तेवढं तरी होतं.

त्या दिवसांत माझ्याकडे येणारं माणूस एकच, कोळीण. खाडीकाठच्या गावातून आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन यायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. एकटीपुरती मांदेली किंवा चार बोंबील घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तीन मजले चढायचं तिला काही कारण नव्हतं. पण ती चढायची. दारात बसून मासे साफ करून द्यायची, पाणी प्यायची, बोलायची. मी चहा टाकायचे. आठवड्यातले ते दोन दिवस मी सकाळपासून जिन्याकडे कान देऊन असायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिचा नवरा त्याच कंपनीच्या टाक्यांवर ठेकेदाराकडे कामाला होता. त्या हिवाळ्यात टाकी रंगवताना शिडीवरून पडला, पाय दोन ठिकाणी मोडला. ठेकेदाराने दवाखाना केला आणि बजावलं की कोणी विचारलं तर घरी पडलो म्हणून सांगायचं. पाय आखडला तेव्हा त्याला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. हे सगळं तिने मला मासे कापता कापता सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की बसून काम मिळालं हे काय कमी आहे.

त्यानंतर महिन्याभराने अहवाल आला. ह्यांच्यासारखीच पेन्सिल घेऊन मी तो पहिल्या पानापासून वाचला. मधे कुठेतरी सुरक्षिततेचा तक्ता होता. वर्षभरात कामावर झालेले अपघात, शून्य. गंभीर दुखापती, शून्य. मी ते पान तसंच उघडं ठेवून स्वयंपाकघरात गेले, भात लावला, आणि परत येऊन पुन्हा वाचलं. सभेच्या नोटिशीत ठराव होते. त्यातला एक, मुदत संपलेल्या एका संचालकाला पुन्हा नेमण्याचा. अहवालात पाहिलं तर सुरक्षा समितीचा अध्यक्ष तोच.

सभेत बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं. उत्तर आलं की तुमचा नंबर सतरावा. मतदान सभेआधी तीन दिवस खुलं होतं, पण मी तेव्हा दिलं नाही. ज्यांनी आधी दिलं नाही त्यांना सभा चालू असतानाही देता येतं, आणि मला आधी उत्तर ऐकायचं होतं.

त्या मधल्या दिवसांत ती दोनदा येऊन गेली. तिला मी काही सांगितलं नाही. नाव तर घेणारच नव्हते, मग तिला उगाच कशाला घोर लावायचा, असं मनाशी म्हटलं. पण खरं कारण वेगळं होतं. तिने नको म्हटलं असतं तर मला गप्प बसावं लागलं असतं, आणि बोलायची संधी मला सोडायची नव्हती.

सभेच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले आणि अकरा वाजता टेबलाशी बसले. माझ्याआधीच्या सोळा जणांतले बहुतेक अध्यक्षांचं अभिनंदन करत होते. कोणी बोनस शेअर मागितले, कोणी म्हणालं की सभा पूर्वीसारखी सभागृहात घ्या, भेटीगाठी होतात. मग माझं नाव पुकारलं गेलं. इंग्रजीत लिहून ठेवलेला कागद समोर होता, पण मी हिंदीतच बोलले. म्हटलं, तुमच्या तक्त्यात शून्य आहे, आणि मला माहीत आहे की खाडीकाठच्या तुमच्या टाक्यांवर रंगकाम करणारा एक माणूस शिडीवरून पडून लंगडा झाला. तो ह्या तक्त्यात का नाही?

मग पुढच्या नंबरचं नाव पुकारलं गेलं.

अध्यक्षांनी शेवटी सगळ्यांना एकत्र उत्तरं दिली. माझ्या प्रश्नाला ते म्हणाले की तक्ता कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांचा आहे, ठेकेदाराच्या कामगारांची जबाबदारी ठेकेदाराची असते, तरीही कंपनी हा विषय गांभीर्याने घेते आणि संबंधित विभाग मॅडमशी संपर्क साधेल. मी त्या संचालकाच्या ठरावापुढे 'विरोधात' दाबलं. बाकीच्या ठरावांना अनुकूल मत दिलं. मग पडदा बंद झाला, आणि खोलीत मी इस्त्रीच्या साडीत बसलेली. ह्यांना सांगण्यासारखं त्या दिवशी पुष्कळ होतं.

दोन दिवसांनी निकाल आला. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. छोट्या भागधारकांच्या रकान्यात विरोधी मतांचा एक लहानसा आकडा होता. त्यात माझी मतं कुठेतरी होती.

विभागाचा फोनही आला. अधिकारी अदबीने बोलला. अपघात कधी झाला, तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारत राहिला. नाव सांगणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं, आणि ठेवताना मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पुढचे दोन आठवडे कोळीण आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली ती पाटी न घेता. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाई, तुमी कंपनीत काय बोललात?"

मी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"त्याला गेटवरनं काढला. ठेकेदार बोलला, तुजी बायको घराघरात सांगत फिरते."

"मी कोणाचंही नाव घेतलं नाही गं."

"नाव कशाला पायजे, बाई? शिडीवरनं पडलेला एकच हाय."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. मी चहा घे म्हटलं. नको म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी त्या अधिकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, हा ठेकेदाराचा अंतर्गत प्रश्न आहे. मग कंपनीच्या सचिवांना पत्र लिहिलं, महिन्याभराने दुसरं लिहिलं. दुसऱ्याचं उत्तर आलं. चौकशी केली असून संबंधित इसमाने आपण राहत्या घरी पडल्याचं लेखी दिलं आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. ते पत्र मी मुलाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, बघ, मी सांगत होतो. मग त्याला मीटिंग होती.

ती मला त्यानंतर पनवेलच्या मासळी बाजारात दिसली. आता रोज तिथेच बसते, असं शेजारणीने सांगितलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने इतरांना सांगावा तसा भाव सांगितला. मी कोलंबी घेतली. पिशवी हातात देताना तिने वर पाहिलं.

"तो परत लागला गेटवर," ती म्हणाली. "कागदावर सही दिली, मग घेतला."

"पाय कसा आहे?"

"हाय तसाच."

मागे गिऱ्हाईक उभं होतं. घरी ये कधीतरी, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी बाजूला झाले. कोलंबी साफ करायला मला पाऊण तास लागला. मी पूर्वी कधी ती स्वतः केलीच नव्हती.

यंदाचा अहवाल गेल्या महिन्यात आला. सुरक्षिततेच्या तक्त्यात ह्या वेळी एक ओळ वाढलेली आहे, ठेकेदारांच्या कामगारांसाठी. ती माझ्या बोलण्यामुळे वाढली की कुठल्या नियमामुळे, मला माहीत नाही. तिच्यापुढे यंदाचं आणि गेल्या वर्षाचं, दोन्ही शून्य आहेत. ज्याने सही दिली तो गेल्या वर्षाच्या शून्यात आहे, आणि हे भागधारकांपैकी बहुधा मला एकटीला माहीत आहे. पण ओळ छापली गेली आहे. पुढे कोणी पडला तर निदान त्याला लिहायला जागा आहे, असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

वक्ता म्हणून मी ह्या वेळी नाव नोंदवलं नाही. कोणाचं काय जाईल ते घरात बसून मला कळत नाही, हे मी शिकले. मतदान खुलं झालं त्या सकाळी मी नोटीस पहिल्यापासून वाचली आणि सुरक्षा समितीवरच्या एका नव्या संचालकाच्या नेमणुकीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. पडद्यावर आलं की तुमचं मत नोंदवण्यात आलं आहे, आता ते बदलता येणार नाही. मी ते दोनदा वाचलं आणि संगणक बंद केला. बाहेर नव्या विमानतळाच्या बांधकामाकडे जाणाऱ्या डंपरांची रांग लागली होती. अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.