ढगांच्या वरची संकष्टी

आम्ही देश सोडला तो दिवस संकष्टीचा होता. तिकीट काढणाऱ्या माझ्या नवऱ्याला अमेरिकेत बसून हे कळणं शक्यच नव्हतं. त्याला तिकीट स्वस्तात मिळालं, त्याने काढलं. त्याच्या आईंनी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि त्या मला म्हणाल्या, "येऊ दे की. विमानातून चंद्र जवळच पडंल."

सासरे गेल्यावर आईंना नाशकात एकटं ठेवायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून पंचवटीतलं घर आवरलं, भांडी नातेवाइकांत वाटली आणि आम्ही सासू-सुना कायमच्या निघालो. निरोप द्यायला अर्धं निफाड आणि अख्खं विंचूर लोटलं होतं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दोनच जीप होत्या, पण त्यांत दोन एसट्यांची माणसं होती.

त्या काळात मी फारच पुढारलेली होते. महिनाभर आधीपासून काट्याने पोहे खायचा सराव केला होता. त्यातला एक शेंगदाणा उडून समोरच्या बिल्डिंगमध्ये गेला, तो अजून सापडलेला नाही. आपण पहिल्यांदा विमानात बसतोय हे कुणाला कळता कामा नये, एवढीच माझी इच्छा. पण शेजारी आई. अंगावर नऊवारी, पायात मुलाने पाठवलेले पांढरेशुभ्र बूट, मनगटावर सासऱ्यांचं जाडजूड घड्याळ. त्याचे काटे फिरवायला त्यांची साफ ना होती. "हे नाशकाचं घड्याळ हाय. त्याला कुठं जायचंय?"

आईंची संकष्टी साबुदाण्याची नव्हती. दिवसभर चहा-पाणी, आणि चंद्र पाहिल्यावरच घास. माझा नवरा लहान असताना तापाने असा काही फणफणला होता, की डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा आईंनी गणपतीला हा उपास बोलला आणि पोर उठून बसलं. आपण उपास मोडला तर देवाने दिलेलं परत जाईल, ही धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. आता तेच पोर, टक्कल पडलेलं, पलीकडच्या विमानतळावर आमची वाट बघत उभं राहणार होतं.

मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटलं. युरोपात उतरता उतरता उजाडायला लागलं, तर खिडकीत चांगला टपोरा चंद्र.

"आई, बघा, आला! सोडा उपास."

आईंनी त्याच्याकडे भाजीवालीकडच्या वांग्याकडे बघावं तसं पाहिलं. "हा कालचा. शिळा. आजचा यायचाय अजून."

तिथल्या विमानतळावर त्यांनी चहा घेतला, आणि सवयीने चहाबरोबर डायबेटिसची गोळीही गिळली. मला ते दिसलं, पण माझं लक्ष नव्हतं. मी आरशात माझी पँट बघत होते.

दुसरं विमान दुपारचं. खिडकीशी एक उंचापुरा गोरा म्हातारा, मध्ये आई, कडेला मी. म्हाताऱ्याला विमानाची भीती होती. बसल्यापासून उलटीची कागदी पिशवी मुठीत धरून तो डोळे मिटून होता. हवाई सुंदरीने ताट पुढे केलं की तो मान हलवायचा. आईही हलवायच्या आणि आपलं ताट माझ्याकडे सरकवायच्या. "अन्न माघारी धाडू नये. खा तू." मी माझं खाल्लं. आईंचं खाल्लं. म्हाताऱ्यापुढे तरीही ठेवून गेलेल्या ताटातला, त्याने भिडस्तपणे पुढे केलेला पाव आणि पुडिंगही खाल्लं. आईंच्या ताटातलं मी पनीर समजून सुरू केलं होतं. ती कोंबडी आहे हे दुसऱ्या घासाला समजलं, पण तोवर फार उशीर झाला होता, असं मी ठरवलं.

आईंच्या घड्याळात साडेनऊ वाजले आणि माझे हाल सुरू झाले. नाशकात चंद्रोदय. बाहेर मात्र टळटळीत ऊन, कारण आम्ही सूर्याच्या मागे लागलो होतो आणि तो काही मावळायला तयार नव्हता.

"चंद्र कुठाय गं?"

"आई, नाशकात सगळ्यांनी उपास सोडले असतील. तुम्हीही सोडा."

"त्यांनी बघून सोडला. मी काय पंखा बघून सोडू?"

मी वकिली मुद्दा काढला. "आषाढात ढग असले की तुम्ही पूर्वेकडे हात जोडून जेवताच ना?"

"ढगाच्या मागं तो असतोय, बाई. इथं ढग पायाखाली गेले. वर सगळं मोकळं, अन् तो नाय. नसलेल्याला हात कसे जोडू?"

मग मी लबाडी केली. म्हाताऱ्याच्या खिडकीत छताच्या दिव्याचं गोल प्रतिबिंब पडलं होतं. तिकडे बोट करून म्हटलं, "तो काय, आला की!"

आईंनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "मग तो माझ्या डोक्यासंगं का हलतोय?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि काही अडचण आहे का, असं अदबीने विचारलं. माझं सगळं इंग्रजी पोटातल्या तीन ताटांखाली गाडलं गेलं होतं. मी म्हटलं, "मदर-इन-लॉ नो ईट. मून नॉट कमिंग."

त्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने बटण दाबलं. हवाई सुंदरी आली, ऐकून पुढे गेली, आणि थोड्याच वेळात साऱ्या विमानात आवाज घुमला, की एका वयस्कर बाईंना चंद्र बघायचा आहे, तरी कुणाला दिसल्यास कृपया कळवावं.

आता मी सांगते त्यातलं निम्मं धरा. तीनशे खिडक्यांची झापडं एकदम वर गेली. झोपलेली पोरं उन्हाने जागी होऊन रडायला लागली. कुणी पंखाचा दिवा दाखवायला आलं, कुणी दुसरंच विमान. एका शीख आजोबांनी तर उभं राहून हात जोडले, का ते कळलं नाही. सगळे वळून आमच्याच रांगेकडे बघत होते. मी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतल्या अंधारात माझ्या पँटला, काट्याला, पोह्यांना हात जोडले. मला त्या घडीला आईंशी कुठलंही नातं नको होतं.

पायलटकडून निरोप आला: या प्रवासात चंद्र दिसणार नाही. उतरल्यावर, तोही रात्री उशिरा.

"मग थांबंल मी," आई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा आला. मी ब्लँकेट बाजूला केलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि पाण्याचा ग्लास धरलेला हात इतका थरथरत होता की पाणी नऊवारीवर सांडत होतं. तेव्हा कुठे मला ती उपाशीपोटी घेतलेली गोळी आठवली. साखर उतरली होती.

मी उभी राहिले. इतके तास कुजबुजत ठेवलेला माझा आवाज कांद्याच्या लिलावातल्यासारखा सुटला. "खाता की नाही? तुमच्या लेकाला काय सांगू मी? चंद्रासाठी आई घालवली म्हणून?"

"लेकासाठीच नाय खात," आई हळूच म्हणाल्या. "मोडला अन् त्याला काय झालं, तर?"

"मग मला द्या तुमची संकष्टी. सासूचं व्रत सून घेते ना? मी करते चंद्रापर्यंत."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हेच वाईट होतं. "तू कशी घेशील गं? तू माझं ताटसुद्धा पुसून खाल्लंस. कोंबडी होती त्यात. मला वास आला."

चढत्या उन्हासारखी माझ्या कानांपर्यंत लाज चढली. आई मात्र शेजारी वळल्या होत्या. "ह्या बाबानं सकाळधरनं तोंडात काय घातलं नाय. ह्याला विचार, घेतो का."

"आई!"

"विचार. अन् आंघोळ केलीय का, ते आधी विचार."

एका परक्या, वडीलधाऱ्या, सभ्य माणसाला मी विमानात विचारलं, की सर, तुम्ही आज आंघोळ केलीत का. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याने नीट आठवून सांगितलं, की हो, पहाटे, हॉटेलात. मग मी हातवाऱ्यांनी, घामाघूम होऊन, बाकीचं सांगितलं: तिचा मुलगा, उपास, चंद्र. तुम्ही तो दिसेपर्यंत खायचं नाही, म्हणजे ती खाऊ शकेल. त्याने आईंचा थरथरता हात पाहिला, कागदी पिशवी खिशात ठेवली आणि ओंजळ पुढे केली.

आईंनी त्याच्या ओंजळीत ग्लासातलं पाणी सोडलं, गणपतीचं नाव घेतलं आणि उपास सोडायला घरून आणलेल्या डब्यातला लाडू तोंडात घातला. दुसऱ्या लाडवाला त्यांच्या हाताची थरथर थांबली, तिसऱ्याला त्यांनी मला पँटीवरून टोमणा मारला. म्हणजे बऱ्या झाल्या.

सामान घेऊन बाहेर आलो, तर माझ्या नवऱ्याचा अजून पत्ता नव्हता, पण म्हाताऱ्याची मुलगी त्याला न्यायला आली होती. तिने गळामिठी मारली आणि पिशवीतून सँडविच काढलं. त्याने मान हलवली. तिने आग्रह केला. त्याने वर बोट केलं, आणि मग आमच्याकडे. मुलगी आमच्याकडे जे बघायला लागली, ते बघून मी ट्रॉलीवरच्या बॅगांमागे बसले.

"पोरगी घाबरली वाटतं," आई वरून म्हणाल्या. "बापाला काय झालं म्हनून. जा, सांग तिला."

"मी?"

"मग कोन? बाबा उपाशी हाय. तुझ्या पोटात तीन ताटं हायेत, बोलायला जोर असंल."

मी गेले. मुलीने काळजीने विचारलं, की किती वेळ यांनी उपाशी राहायचं? मी नुसतं काचेबाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं. म्हाताऱ्याने मात्र मला हाताने धीर दिला, आणि मुलीच्या हातातलं सँडविच घेऊन मला देऊ केलं.