डबीवरची कढई

छपाईवाल्याकडून फाइल पुन्हा परत आली तेव्हा मी माउस असा आपटला, की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून विचारलं, "काय झालं हो पेंटर?" "काही न्हाई, तुमचं चालू द्या," म्हणलं. पण डोकं सणकलं होतं. पुण्याहून लिहून आलं होतं की पांढरा थर वेगळा दिलेला नाही, भोकांच्या जागा जुळत नाहीत, अशी फाइल छापता येणार नाही. आणि खाली हसरा चेहरा. अरे बाबा, नाही म्हणायचं तर म्हण, वरून दात कशाला दाखवतोस?

कळमनुरीत माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. त्याआधी मी बोर्ड रंगवायचो. किराणा, कापड, दवाखाना, खताचं दुकान, सगळीकडे माझं अक्षर होतं. मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात वाळून कडक झाले. पोटासाठी कॉम्प्युटर शिकलो. आता दिवसभर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहरे चिकटवतो, अक्षर तयार फॉन्टचं टाकतो. माझं अक्षर कोणी मागत नाही. तरी लोक हाक मारतात ती पेंटर म्हणूनच, आणि खरं सांगतो, दर वेळी आत कुठंतरी लागतं.

मुलगी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे. सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून गिटारवाल्यांसाठी डब्या बनवते. ॲल्युमिनियमची डबी, वरच्या बाजूला तीन फिरवायचे नॉब, खालच्या बाजूला दाबायचं एक बटन. गिटारची वायर या डबीतून जाते. बटन दाबलं की गोड वाजणारा सूर तापतो, फाटतो, गुरगुरतो. लोक पैसे देऊन फाटका आवाज काहून घेतात, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमी रागावले की सगळी गल्ली फुकटात ऐकते ना, बाबा? तसलाच आवाज हाय तो. फक्त सुरात." असली जीभ. आईवर गेली आहे.

तर या डबीचं नाव तिनं ठेवलं 'कढई'. डोंगरकडा ही माझी सासरवाडी. तिथं तिनं लहानपणी शेतात हळद शिजताना पाहिली होती, ती मोठाली कढई, खाली धडधडता जाळ. आता बॉयलर आले, पण तिच्या डोक्यात कढईच राहिली. डब्यांना हळदीसारखा पिवळा रंग मारून झाला होता, त्या छपाईवाल्याकडे पडून होत्या. यूव्ही छपाई म्हणजे मशीन सरळ धातूवर शाई मारतं आणि तिथल्या तिथं उजेडानं वाळवतं. फक्त चित्राची फाइल बराबर पाहिजे. तिनं फोन केला आणि म्हणाली, "बाबा, मला फॉन्ट नको. तुमच्या हातचं अक्षर पाहिजे."

मी "बघू, सवड मिळाली तर" म्हणलं. फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ब्रश शोधायला लागलो. इतका आनंद मला फ्लेक्सचं मशीन आलं त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

ब्रशनं कागदावर 'कढई' लिहिलं, मोबाइलनं फोटो काढला, कॉम्प्युटरवर त्याची रेघ धरली, खडबडीत कडा एकेक बिंदू ओढून गुळगुळीत केल्या. इथवर ठीक. पण फ्लेक्सवाल्याला मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो. मी वाफ काढली, शेत काढलं, बैलजोडी काढली, कोपऱ्यात नक्षी टाकली. त्यातून 'ढ'चं पोट बटनाच्या भोकात जात होतं, म्हणून भोकच जरासं बाजूला घेतलं. डोळ्याला छान दिसलं.

मुलगी फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाबा, कागदावर भोक सरकवलं म्हणून डबीवरचं सरकतंय व्हय? भोकं पाडून झालेत!"

मग पांढऱ्या थराचं. पिवळ्या डबीवर लाल शाई सरळ मारली तर ती मळकी होते. म्हणून मशीन आधी पांढरं मारतं, वर रंग. ते पांढरं फाइलमध्ये वेगळं द्यायचं, आणि रंगापेक्षा केसभर आत ठेवायचं, म्हणजे कडेनं डोकावत नाही. हे तिनं पुन्हापुन्हा सांगितलं तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. "अगं, म्हणजे अस्तर! पत्र्यावर लाल लावायच्या आधी आमी देत व्हतो ते. सरळ अस्तर म्हणायचं सोडून थर काय, लेयर काय!"

"तेच ते. पण बाबा, ऐका," तिचा आवाज जरा उतरला. "छोट्या कामाला छपाईवाला एकदाच नंबर देतो. सोमवारी फाइल पास झाली न्हाई तर नंबर जाईल. गिटारवाले थांबून हायेत. मग मला तयार फॉन्ट टाकून द्यावं लागंल."

"सोमवारी पास होईल," मी म्हणलं. "न्हाई झाली तर ब्रश नाल्यात फेकतो."

शनिवारी ती स्वतःच गावी आली. पिशवीत एक कोरी डबी होती, नॉब आणि बटन बसवलेली. मी चित्र बरोब्बर त्या मापात कागदावर छापलं, कापलं, भोकं पाडली आणि डबीवर चिकटवलं. बैल गेले होते, शेत गेलं होतं. खालच्या अर्ध्या भागात, बटनाच्या दोन्ही बाजूंनी, माझं 'कढई' ऐसपैस पसरलं होतं. ती कितीतरी वेळ बघतच राहिली. "भारी झालंय, बाबा," म्हणाली. माझी छाती फुगली.

मग तिनं डबी खाली फरशीवर ठेवली आणि बूट घातलेला पाय उचलून धाडकन तिच्यावर ठेवला.

"अगं ए! पाय काढ!" मी असा ओरडलो की ती उडीच मारून मागं झाली. तिला वाटलं विंचू निघाला.

"काय झालं?"

"अक्षरावर पाय देऊन राहिलीस, आणि काय झालं विचारतीस?"

"बाबा, हे पायानंच दाबायचं असतं. वाजवताना दोन्ही हात गिटारवर असतात. तिसरा हात कुठून आणू?"

"मग आजवर सांगितलं काहून न्हाई?"

"तुमाला ठाऊक न्हाई, हे मला कुठं ठाऊक!"

मला वाटत होतं, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या मशीनसारखी ही डबी टेबलावर ठेवत असतील. बटन आहे म्हणजे बोटानं दाबायचं. आमच्याकडं बटन बोटानंच दाबतात.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादांनी ब्रश धरायला शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. बोर्ड जमिनीवर आडवा टाकूनच रंगवायचा असतो, पण अक्षर ओलांडायचं नाही. चुकून पाय लागला तर बोटं टेकवून कपाळाला लावायची, रंग ओला असला तरी. मी एकदा कपाळाला लाल ऑइलपेंट लावून घरी गेलो आणि आईनं रक्त समजून बोंब ठोकली होती. एवढ्या वर्षांत माझा पाय अक्षरावर जाणूनबुजून पडलेला नाही. आणि आता बूट घातलेला माणूस नाचत नाचत माझ्या 'कढई'वर पाय मारणार?

"माझं अक्षर त्याच्यावर जाणार न्हाई," मी म्हणलं.

ती मग शांतपणे म्हणाली, "ठीक हाय. सोमवारी फॉन्ट टाकते. फॉन्टवर पाय पडला तर चालंल ना?"

"टाक! खुशाल टाक!"

बोलून गेलो आणि लगेच शब्द परत घ्यावासा वाटला. पण माघार घ्यायची सवय नाही आम्हाला. ना मला, ना तिला.

घरी जेवायला बसलो तर बायकोला सगळं आधीच कळलेलं. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "शाळेपुढच्या सडकेवर 'वाहने हळू चालवा' कोणी रंगवलं व्हतं हो? त्याच्यावरून ट्रॅक्टर जाऊन राहिले तवा न्हाई ओरडले?"

"टायर म्हणजे पाय न्हाई."

"आन् बैलाचे?"

मी मिरचीचा ठेचा मागितला. मुलगी ताटात बघून हसू दाबत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. तिचं ते न बघणं मला ठेच्यापेक्षा झोंबलं.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात दात घासत बसलो होतो. आंघोळीचं पाणी आमच्याकडं अजून चुलीवर तापतं. बायकोच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओले कपडे. चुलीतलं लाकूड बाहेर सरकलं होतं. तिनं चालता चालता पायानं ते आत सारलं. जाळ भपकन वर आला. ती पुढं निघूनही गेली.

मी ब्रश तोंडात तसाच धरून बघत राहिलो. डोंगरकड्याला हळद शिजायची तेव्हा माझे सासरेही हेच करायचे. दोन्ही हात कढईवर गुंतलेले, आणि ओंडका पायानं आत सारायचा. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. कढईला पाय लागला तर मात्र त्यांनी पाठीत धपाटा घातला असता.

अरे लेका, म्हणलं, पाय कुठं द्यायचा हे डोंगरकड्यानं आधीच ठरवून ठेवलंय! तू आपला बटनाभोवती अक्षर पसरून बसलास!

चहा न घेता दुकान उघडलं. मुलगी मागून आली, शेजारच्या खुर्चीवर बसली. मी आधीचं सगळं पुसून टाकलं. बटनाभोवती आता चुलीचं काळं तोंड काढलं, आणि बाजूला आत सारलेले दोन ओंडके. पाय पडायचा तो तिथं पडू दे. त्याच्यावर लाल जाळाची पट्टी. जाळाच्या वर, पायापासून दूर, नॉबच्या खाली, पसरट कढई आणि तिच्या अंगावर नाव.

पण तिथं जागा चिंचोळी होती. जुनं अक्षर लहान केलं तर रेघा इतक्या बारीक झाल्या की छपाईत तुटल्या असत्या. म्हणजे पुन्हा ब्रश. जाड, बुटकं, ठाम अक्षर पाहिजे होतं. सवय मोडलेल्या हातानं रेघ वाकडी जायची. हाताला शिव्या घातल्या. कागदांवर कागद फाडले. मुलगी म्हणाली, "तकलीफ होऊन राहिली तर ऱ्हाऊ द्या, बाबा." "गप बस," म्हणलं. दुपार कलली तेव्हा एक 'कढई' अशी उतरली की मी ब्रश खाली ठेवला आणि स्वतःशीच "वाह" म्हणलं. लाज कशाची? चांगलं होतं ते.

मग मापात छापून डबीवर चिकटवलं, डबी फरशीवर ठेवली आणि दोघं उभ्यानं बघायला लागलो. माझी सगळी जिंदगी वर मान करून वाचायच्या अक्षरात गेली. हे तर मान खाली घालून बघायचं. तेव्हा कळलं की नॉब उंच असल्यामुळं त्यांच्या मागची पट्टी झाकली जाते. मी नॉबची 'जाळ', 'रंग', 'आवाज' ही तिन्ही नावं त्यांच्या वरून उचलून खाली, आपल्या बाजूला आणली. "मागं काही ठेवायचं न्हाई," तिला म्हणलं. "उभ्या माणसाला दिसत न्हाई. फुकट जातं."

"बराबर," ती म्हणाली. आणि तिनं बूट काढून अनवाणी पाय बटनावर ठेवला. अंगठा चुलीच्या तोंडात होता, अक्षराला लागत नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

पांढरं अस्तर केसभर आत घेतलं. भोकांना हात लावला नाही. फाइल तिनं आपल्या लॅपटॉपवर घेतली, बराच वेळ काय काय तपासत बसली आणि सोमवारी सकाळी पाठवून दिली. दुपारी उत्तर आलं. हसरा चेहरा नव्हता, नुसतं 'पास' लिहिलं होतं. मी झेरॉक्सवाल्याला बोलावून चहा पाजला. तो बिचारा कशाचा चहा म्हणून विचारत राहिला.

पुढं ती पुन्हा आली तेव्हा गिटार, एक लहान स्पीकर आणि छापलेली पहिली डबी घेऊन आली. दुकानातच मांडलं सगळं. पिवळ्याधमक डबीवर तो लाल जाळ असा पेटला होता, आणि वर माझं अक्षर. डबीचं नॉबकडचं टोक मुठीत धरूनच तिनं ती मला दाखवली. बोटानं चाचपलं तर शाई किंचित उंच लागत होती, जुन्या बोर्डावरच्या ऑइलपेंटसारखी. तिनं गिटार गळ्यात घातली, डबी फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "पहिलं तुमी दाबा, बाबा."

मी चप्पल काढली, पाय उचलला. पाय अर्ध्यातच राहिला. चुलीचं तोंड मीच काढलं होतं, लोकांनी तिथं पाय द्यावा म्हणूनच काढलं होतं. पण माझा पाय काही खाली जाईना. शेवटी मी सरळ फरशीवर मांडी घालून बसलो आणि बोटानं दाबायला डबीवर पार वाकलो.

आणि तसं वरून बघितल्यावर दिसलं. तिन्ही नॉबच्या मागं, मी रिकामी सोडलेल्या पट्टीत, बारीक काळ्या अक्षरात 'पेंटर' आणि पुढं माझं नाव. जसं मी बोर्डाच्या कोपऱ्यात टाकायचो, अगदी तसंच, शेवटच्या रेघेला शेपूट सोडलेलं. तिनं कुठल्या तरी जुन्या बोर्डाचा फोटो काढून त्यावरून ते उचललं होतं.

"इथं काही ठेवू नको म्हणलं व्हतं ना तुला?" मी म्हणलं. "उभ्या माणसाला दिसत न्हाई."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण तुमी बसणार, हे पण मला ठाऊक व्हतं."

मी उपरण्यानं डोळे पुसले, मग बोट कपाळाला लावलं आणि त्याच बोटानं बटन दाबलं.

"वाजव," म्हणलं.